वाड्याच्या चुन्यात गूळ होता का, हे शोधण्यापूर्वी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात आहात, गाव मराठवाड्यात आहे, घराण्याचा वाडा सुमारे दोनशे वर्षांचा आहे आणि त्याच्या भिंतींत गूळ, उडीद व हिरडा घातलेला चुना आहे असे घरातले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. हे प्रयोगशाळेत सिद्ध करून शोधनिबंध लिहावा, असे तुम्हांला वाटते. अडचण अशी की तुमचे मार्गदर्शक हा विषय इतिहासाचा आहे म्हणतात, इतिहासाच्या प्राध्यापकांनी तो रसायनशास्त्राचा ठरवला आणि रसायनशास्त्र विभागाने ‘नमुना आणा, यंत्रात घालू’ एवढ्यावर बोळवण केली. तेव्हा कोणाकडे जावे, कोणत्या चाचण्या कराव्यात आणि निबंध कुठे छापावा, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

जुन्या इमारतींचा चुना तपासण्याचे आणि दुरुस्तीसाठी त्याच्याशी जुळणारा चुना बनवून घेण्याचे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न आहे आणि तो सुटला की बाकीचे तिन्ही बरेच सोपे होतात. तुम्हांला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? ‘चुन्यात गूळ होता हे सिद्ध करायचे आहे’ हे संशोधनाचे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेले आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते आणि ‘नाही’ आले तरी ज्यातून काही हाती लागते, तोच प्रश्न दोन वर्षे उराशी बाळगण्याच्या लायकीचा असतो. तीन विभागांनी तुम्हांला परत पाठवले याचे कारण विषय तीन शास्त्रांत विभागलेला आहे हे नसावे. प्रश्न अजून कोणत्याच शास्त्राच्या हाती देता येईल इतका नेमका झालेला नाही, असे मला वाटते.

आता गुळाचा हिशोब करून पाहू. समजा, शंभर किलो चुन्यात एक किलो गूळ घातला आणि त्यात तीनशे किलो वाळू मिसळली. म्हणजे तयार मालात गुळाचे प्रमाण पाव टक्का झाले. तुम्ही भिंतीतून दोन ग्रॅमचा नमुना काढला, तर त्यात बांधकामाच्या दिवशी जास्तीत जास्त पाच मिलिग्रॅम गूळ असेल. साखर पाण्यात विरघळते आणि जिवाणूंना ती आवडते. दोनशे पावसाळे आणि तेवढ्याच काळातले जिवाणू यांच्या तावडीतून त्या पाच मिलिग्रॅमपैकी काय उरेल, याचा विचार करा. यंत्राने ‘साखर सापडली नाही’ असे सांगितले, तर त्यावरून गूळ घातला नव्हता असे म्हणता येत नाही. घातला होता असे तर मुळीच म्हणता येत नाही. म्हणजे हा प्रश्न असा आहे की चाचणीचे कोणतेही उत्तर आले तरी तुम्ही जिथे होता तिथेच राहता.

याचा अर्थ सेंद्रिय मिश्रणांचा अभ्यास होऊच शकत नाही असा नाही. पुरावा टिकणारा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. तुमच्याच भागातले उदाहरण घ्या. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी दाखवले आणि ते संशोधन २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. एक पुरातत्त्व रसायनशास्त्रातले, दुसरे वनस्पतिशास्त्रातले. त्यांच्या हाती धागे होते, म्हणजे आकार असलेला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येणारा आणि ताज्या झाडाच्या नमुन्याशेजारी ठेवून ताडून पाहता येणारा पुरावा होता. चीनमधल्या जुन्या तटबंद्यांच्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत असत, हे तिथल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास सविस्तर मांडले. तिथे त्यांना स्टार्चचा आधार होता. स्टार्च आयोडीनने निळा होतो, गुळासारखा चटकन धुऊन जात नाही आणि चुन्याच्या स्फटिकांच्या वाढीवर त्याचा परिणाम होत असल्याने त्याची खूण रचनेतही उरते. तेव्हा तुमच्या तीन पदार्थांपैकी तपासण्याजोगा म्हणायचा तर गुळापेक्षा उडीद अधिक, कारण उडदात स्टार्च आहे. तिथेही एक मेख आहे. सफेदीच्या चुन्यात डिंक किंवा तांदळाची पेज घालण्याची रीत होतीच. नमुना पृष्ठभागाच्या जवळून घेतला, तर आयोडीनने निळी झालेली ती पेज मागच्या दिवाळीच्या सफेदीची असू शकते.

या ठिकाणी माझीच एक फजिती सांगतो, कारण तिच्यामुळे माझी कामाची पद्धत बदलली. नोकरीला लागून तीन-चार वर्षे झाली असतील. एका गढीच्या तटाच्या नमुन्यात मला कॅल्शियम ऑक्झलेटची स्पष्ट खूण दिसली. सेंद्रिय पदार्थ कुजून किंवा त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन ऑक्झलेट तयार होऊ शकते, हे मी वाचलेले होते. त्यामुळे अहवालात मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘चुन्यात वनस्पतिजन्य मिश्रण असल्याचा पुरावा’ असे लिहून टाकले. दुरुस्तीच्या कामावर एक वयस्कर गवंडी होते. त्यांना मी कौतुकाने हे सांगितले, तेव्हा हातातली थापी न थांबवता त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, तुकडा उत्तरेच्या अंगाचा होता का? तिकडं दगडफूल लई चढतं.” तुकडा उत्तरेकडचाच होता. दगडफूल, म्हणजे लायकेन, ऑक्झॅलिक आम्ल स्रवते आणि चुन्यावर ऑक्झलेटचा थर तयार करते, हे मला नंतर पुस्तकातही सापडले. अहवाल मागे घेताना झालेली नामुष्की अजून आठवते. तेव्हापासून कोणतीही खूण सापडली की ती दुसऱ्या कोणत्या मार्गाने आली असू शकते, याची यादी मी आधी करतो.

मग तुम्ही अभ्यास कशाचा करावा? माझे स्पष्ट मत आहे की गुळाच्या आकर्षणापायी आपण चुन्याकडेच दुर्लक्ष करतो. जुन्या भिंती भक्कम आहेत, त्या अर्थी त्यांत काहीतरी गुपित घातलेले असणार, असा तर्क सर्रास केला जातो. पण भक्कमपणाचे कारण चुन्यातच असू शकते, आणि मराठवाड्यात तर ती शक्यता फार मोठी आहे.

थोडे मागे जाऊन सांगतो. शुद्ध चुनखडक सुमारे नऊशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध दगडाचा छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवला की उसळतो, फुलतो, लोण्यासारखा मऊ होतो आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड बनतो. हा झाला हवेवर घट्ट होणारा चुना. परंतु दख्खनच्या पठारावर खाली सगळा काळा पाषाण आहे, शुद्ध चुनखडक सहज मिळत नाही. तो यवतमाळ, चंद्रपूरकडे आहे, म्हणूनच सिमेंटचे मोठे कारखाने तिकडे दिसतात. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करत. पठारावर मात्र काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात सापडणारे चुनखडीचे गोटे, ज्यांना कंकर म्हणतात, तेच हाताशी होते. या कंकरात मूळचीच चिकणमाती असते. ती भाजताना चुन्याशी संयोग पावते आणि असा चुना थोडाफार सिमेंटसारखा वागतो, म्हणजे केवळ हवेवर न विसंबता पाण्याच्या साहाय्यानेही घट्ट होतो. चिकणमाती असलेल्या चुनखडकाचा हा गुण इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने एडिस्टन दीपगृहाच्या बांधकामाच्या वेळी, १७५६ च्या सुमारास, पद्धतशीर तपासला. आपल्याकडच्या भट्टीवाल्यांना तो नाव न देता ठाऊक असावा असे मला वाटते, पण तो माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे जे वर्ग केले आहेत त्यांत ‘ई’ हा वर्ग स्वतंत्रपणे कंकर चुन्याला दिलेला आहे, ही गोष्ट स्थापत्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर प्रश्न असा मांडला असता: या वाड्याचा चुना कोणत्या दगडाचा होता, आणि त्याची मजबुती कोणतेही सेंद्रिय मिश्रण गृहीत न धरता समजावून देता येते का? उत्तर ‘येते’ असे आले, तर गुळाची कथा खोटी ठरत नाही, पण मजबुतीचे श्रेय तिला देण्याची गरज उरत नाही. ‘येत नाही’ असे आले, तर मिश्रणाचा शोध घेण्यास सबळ कारण मिळते. दोन्ही बाजूंनी निबंध उभा राहतो.

हा प्रश्न तीन ठिकाणी विचारायचा आहे: माणसांना, कागदांना आणि नमुन्याला. क्रमही मी मुद्दाम हाच ठेवतो. यंत्राचा नंबर शेवटी, कारण यंत्राला काय विचारायचे ते पहिल्या दोघांकडून कळते.

माणसांपासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण असे की कागद आणि भिंत थांबतील, माणसे थांबणार नाहीत. चुना भाजण्याचा धंदा परंपरेने लोणारी समाजाकडे होता आणि घाणीवर चुना मळलेले गवंडी आता ऐंशीच्या पुढचे असतील. घाणी म्हणजे गोल चर आणि त्यात बैलाने फिरवायचे दगडी चाक. जुन्या किल्ल्यांवर ती आजही पाहायला मिळते. या मंडळींकडे गेलात की ‘चुन्यात गूळ घालायचे ना?’ असे चुकूनही विचारू नका. शिकलेला, कॅमेरा घेऊन आलेला मुलगा असे विचारतो तेव्हा समोरचा माणूस ‘हो’च म्हणतो, त्यात खोटेपणा नसतो, पाहुण्याचे मन राखणे असते. ‘भट्टी लावण्यापासून भिंतीला चुना लागेपर्यंत काय काय करत होता, ते दिवसांच्या क्रमाने सांगा’ असे म्हणा आणि मधे बोलू नका. एका महत्त्वाच्या तपशिलाकडे कान ठेवा: विझवलेला चुना किती दिवस पाण्याखाली ठेवत असत? शुद्ध चुना महिनोन्‌महिने भिजत ठेवता येतो, उलट तो मुरला की सुधारतो. कंकराचा चुना तसा ठेवला तर खड्ड्यातच घट्ट होऊन बसेल, म्हणून तो लवकर वापरावा लागतो. ‘दळला की दोन-तीन दिवसांत संपवायचा’ असे कोणी सहज बोलून गेले, तर गुळाबद्दलच्या दहा आठवणींपेक्षा ते वाक्य तुमच्या कामाला अधिक मोलाचे आहे.

कागदांच्या बाबतीत परिस्थिती तुमच्या घराण्यावर अवलंबून आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे नाव सगळेच घेतात, परंतु मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तुमच्या गावचे सरकारी कागद तिथे असतीलच असे धरून चालू नका. निजामाच्या दफ्तरातला मोठा भाग फारसीत आणि पुढे उर्दूत आहे. त्यापेक्षा घरातल्या माळ्यावरचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आधी सोडा. वाड्याच्या बांधकामाचा जमाखर्च मिळाला, तर ते घबाडच. मोडी तुम्हांला येत नसेल तर शिकायला सहा महिने पुरतात. अडलेल्या शब्दासाठी जाणकार शोधावा, पण सगळे वाचन दुसऱ्यावर सोपवू नये, कारण त्याला ‘चुना’ या शब्दाच्या आसपास काय महत्त्वाचे आहे ते ठाऊक नसते. तारखांबाबत जपून असा. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, तर मराठी कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि तो सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. हे दोन सन एकमेकांत मिसळले की नऊ वर्षांचा घोळ होतो. वजनांचेही तसेच आहे. चाळीस शेरांचा मण हे ठीक, पण शेर गावोगावी वेगळा होता. म्हणून प्रमाण काढायचे असेल तर एकाच वहीतल्या दोन नोंदींची तुलना करा, किलोत रूपांतर करण्याची घाई करू नका.

समजा, वहीत ‘गूळ दोन मण’ अशी नोंद सापडलीच. आनंदाने उडी मारण्याआधी ती कोणत्या खात्याखाली आहे ते पाहा. बांधकामावर गूळ अनेक कारणांनी येत असे. मजुरांना दिला जाई, घाणीच्या बैलांना चारला जाई, पायाभरणीला आणि वास्तुशांतीला वाटला जाई. नोंद चुना, वाळू, सुरखी (विटकरीची भुकटी) यांच्या पंक्तीत असेल आणि चुन्याच्या खरेदीबरोबर तीही वारंवार येत असेल, तर तिला वजन आहे. एखाद्या मुहूर्ताच्या दिवशी एकदाच आली असेल, तर तो गूळ लोकांच्या तोंडात गेला असे समजावे. हे ताडून पाहण्यासाठी रसायनशास्त्र लागत नाही, आणि रसायनशास्त्राने ते करताही येत नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांकडे पुन्हा जाल तेव्हा ‘हा जमाखर्च वाचताना खाती कशी ओळखावीत’ एवढाच प्रश्न घेऊन जा. या वेळी ते तुम्हांला परत पाठवणार नाहीत.

आता नमुना. वाडा खासगी असला तरी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. भाऊबंदकीत भिंतीचा तुकडा काढणे हा वेगळाच विषय होऊ शकतो. वाडा राज्याच्या किंवा केंद्राच्या संरक्षित यादीत असेल, तर संबंधित पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय नखाएवढाही कपचा काढता येणार नाही. संमती मिळाल्यावर किमान तीन जागा निवडा: जोत्याजवळची, आतल्या कोरड्या भिंतीची आणि वरच्या कठड्याची. वरचे पाच-सहा सेंटिमीटर खरवडून टाकून आतला माल घ्या, म्हणजे सफेदी, शेवाळ, दगडफूल हे सारे बाहेर राहते. सेंद्रिय पदार्थ तपासायचे असतील तर नमुना प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका आणि उघड्या हाताने धरू नका, कारण प्लास्टिकमधली रसायने आणि बोटांचे तेल दोन्ही त्या संवेदनशील चाचणीत उमटतात. ॲल्युमिनियमची फॉइल आणि काचेची बाटली वापरावी, आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी; शाई पसरते, शिसे टिकते. प्रत्येक जागेचा पट्टी ठेवून फोटो घ्या, आधीचा आणि नंतरचाही.

चाचण्यांत मी सर्वांत आधी पातळ छेद घ्यायला सांगतो. चुन्याचा तुकडा घासून घासून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड जावा, आणि तो ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कोणत्याही विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात ही सोय असते, खर्च कमी आणि मिळणारी माहिती अफाट. न भाजलेल्या कंकराचे तुकडे, सुरखीचे कण, वाळू नदीची की खाणीची, सगळे दिसते. शिवाय नंतरच्या दुरुस्तीचे सिमेंट असेल तर क्लिंकरचे, म्हणजे ज्या भाजलेल्या खड्यांपासून सिमेंट दळतात त्यांचे, कण ओळखू येतात. ही शक्यता दूरची समजू नका. हैदराबाद संस्थानातच शहाबादला सिमेंटचा कारखाना १९३६ च्या आधीपासून होता. एका वाड्याच्या ‘असामान्य मजबुती’वर मी आणि माझे सहकारी आठवडाभर खल करत होतो, छेद पाहिल्यावर कळले की ती भिंत कोणा आजोबांनी सिमेंट मिसळून पुन्हा बांधलेली आहे.

त्यानंतर एक्स-रे विवर्तनाने खनिजे पाहावीत आणि उष्णताभारमापन करावे. दुसऱ्या चाचणीत नमुना हळूहळू तापवत त्याचे वजन कोणत्या तापमानाला किती घटते ते मोजतात. साधारण दोनशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान जे घटते ते सिमेंटसारख्या संयुगांतले बांधलेले पाणी, आणि त्यापुढे जे घटते तो कार्बन डायऑक्साइड, असे धरून दोहोंच्या गुणोत्तरावरून चुना कोणत्या जातीचा ते ठरवतात. शुद्ध चुन्यात कार्बन डायऑक्साइडचे पाण्याशी असलेले हे गुणोत्तर दहाच्या वर असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. युरोपातल्या निबंधांतून ही पद्धत जशीच्या तशी उचलली की आपल्याकडे फसगत होते. आपल्या काळ्या पाषाणाच्या वाळूत झिओलाइट आणि चिकणमातीची खनिजे असतात, आणि तीही तापवल्यावर पाणी सोडतात. ते पाणी चुन्याच्या खाती जमा झाले, तर शुद्ध चुनाही कागदावर सिमेंटसारखा दिसू लागतो. म्हणून वाळू अलगद वेगळी करून, चाळून, बारीक बंधक भागच, म्हणजे वाळूला धरून ठेवणारा चुनाच, तापवावा, आणि वेगळी केलेली वाळू स्वतंत्रपणे तापवून तिचा आकडाही निबंधात द्यावा. परीक्षक दख्खनच्या दगडाचा जाणकार असेल, तर तो हेच पहिले विचारेल. ही यंत्रे महाविद्यालयात नसली तरी अडत नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या विश्लेषण केंद्रासारख्या ठिकाणी बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात.

गुळाचा मोह सुटतच नसेल, तर एक गोष्ट करा, आणि ती तुमच्या अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी आहे. कंकराचा चुना मिळवून चार प्रकारचे ठोकळे करा: साधे, गुळाचे, उडदाचे, हिरड्याचे. क्रमांक मित्राला घालायला सांगा आणि यादी त्याच्याकडेच ठेवा. सहा महिन्यांनी, निम्मे ठोकळे पावसात भिजवून झाल्यावर, ज्या पद्धतीने तुम्ही वाड्याचा नमुना तपासणार त्याच पद्धतीने हे तपासा आणि कशात काय आहे ते ओळखून दाखवा. सहा महिन्यांपूर्वी स्वतः घातलेला गूळ ज्या चाचणीला सापडत नाही, तिला दोनशे वर्षांपूर्वीचा सापडेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. मिश्रणाचा परिणाम होत नाही असे मी म्हणत नाही. साखरेच्या पाण्यात चुना अधिक विरघळतो, मालाला लवचीकपणा येतो आणि तो घट्ट होण्यास वेळ लागतो, हे कोणताही गवंडी हाताने सांगेल. परिणाम होतो, मागे खूण राहीलच असे नाही.

आता मार्गदर्शक कोण असावा? नाव स्थापत्य विभागातल्याच कोणाचे असू द्या, कारण पदवी तिथली आहे. भूविज्ञानातला एक सहमार्गदर्शक मात्र अवश्य घ्या. रसायनशास्त्रापेक्षा मी भूविज्ञान का म्हणतो, हे वरच्या विवेचनावरून ध्यानात आले असेल: तुमच्या प्रश्नाचे पाऊण उत्तर दगडात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी पुरातत्त्व आणि भूविज्ञान एकत्र नांदतात, तिथे एकदा जाऊन बोलणे फायद्याचे ठरेल.

छापण्याविषयी थोडक्यात. ‘विज्ञान, उद्योग, संस्कृती, वाणिज्य, सर्व विषयांचे आंतरराष्ट्रीय मासिक’ अशी जाहिरात करून अठ्ठेचाळीस तासांत स्वीकृती आणि शुल्काचा क्यूआर कोड पाठवणाऱ्यांपासून दूर राहा. तुमचा विषय अनेक शास्त्रांत पसरलेला असल्यामुळे अशा जाहिराती तुम्हांलाच उद्देशून आहेत असे वाटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत नाव आहे’ हा आधारही आता नाही. नियतकालिक तुम्हांलाच पारखावे लागेल. माझी कसोटी सोपी आहे. त्यातले तुमच्या विषयावरचे तीन निबंध पूर्ण वाचा. तीनपैकी एकही तुमच्या कामात उद्धृत करावासा वाटला नाही, तर तिथे छापून घेण्यात काय हशील? भर पदार्थाच्या विश्लेषणावर असेल तर बांधकाम साहित्याची किंवा वास्तुवारशाची नियतकालिके, आणि जमाखर्चाच्या वहीवर असेल तर भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे विज्ञानेतिहासाचे नियतकालिक, असे दोन वेगळे रस्ते आहेत. दोन्ही एकाच निबंधात कोंबू नका. वहीचे लिप्यंतर मराठीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध करा; पुढे येणाऱ्याला तुमच्या निष्कर्षांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होण्याचा संभव आहे.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर नमुने पावसाळ्यात काढू नका, भिंत ओली असते. दिवाळीनंतर काढा, आणि सफेदीच्या आधी रंगाऱ्याला कोणती भिंत सोडायची ते दाखवून ठेवा. तोपर्यंतचे महिने मोडी आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी ठेवा. रुमाल सोडल्यावर जमाखर्चाचे एखादे पान सापडले आणि खाते उलगडेना, तर त्या पानाचा सरळ उजेडातला फोटो इथेच टाका. फक्त गुळाच्या एका ओळीपुरताच कापलेला फोटो देऊ नका. मागचे आणि पुढचे पानही हवे, कारण गुळाची ओळ कोणाच्या पंक्तीत बसली आहे ते तिथेच कळेल.